फोटो हिरव्या अळीचा, बातमी गुलाबीची

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आल्याची बातमी आली, बातमी चांगली होती, पण फोटो लावलाय तो चांगल्या जाडजूड हिरव्या अळीचा, अंगावर पट्टे, अर्धी बोंडात आणि अर्धी बाहेर. ती गुलाबी नाही साहेब. ती हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावर आली की तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. आता तुम्ही म्हणाल एका फोटोनं काय आभाळ कोसळलं, तर कोसळलं काही नाही, पण तो फोटो आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि खाली लोकांनी लिहिलं की अशी अळी आपल्याकडं कुठंच दिसत नाही, म्हणजे औंदा वाचलो. एकानं तर "अळी ती अळीच शे ना भो, काय फरक पडस" असं लिहून विषयच मिटवून टाकला. फरक पडतो, बक्कळ पडतो, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा पण मधली माहिती ठेवा.

आधी अळीचं नाही, पाखराचं म्हणजे अळीच्या पतंगाचं सांगतो. शेतकरी माणूस अळी बघतो, पाखरू बघत नाही, कारण पाखरू रात्रीचं. ऑक्टोबरात जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन वावरात जरा वेळ उभं राहा, दोन्ही पतंग दिसतील आणि एकदा शेजारी शेजारी बघितले की परत घोळ होणार नाही. हिरव्या अळीचं पाखरू, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, चांगलं धष्टपुष्ट, पंख पसरले तर साडेतीन-चार सेंटिमीटर भरतं, रंग मातकट पिवळसर, पुढच्या पंखावर एक काळसर डाग आणि मागच्या फिकट पंखांच्या कडेला काळपट रुंद पट्टा. गुलाबीचं पाखरू म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, ते याच्यापुढं काहीच नाही, पंख पसरूनसुद्धा दीड-दोन सेंटिमीटरच्या आत, करडं-तपकिरी, वर काळपट ठिपके, आणि मागच्या पंखांना बारीक केसांची झालर. दिवसा ते पाचोळ्याखाली, जमिनीच्या भेगांत दडून बसतं आणि असं मिसळून जातं की पाय पडला तरी कळत नाही. दोघांची कुळंसुद्धा वेगळी आहेत, नातं एवढंच की दोघं आपल्याच कपाशीवर जगतात. त्यातही एक फक्त कपाशीवर जगतो म्हटलं तरी चालेल आणि दुसरा कशावरही जगतो. सगळा घोळ या एका वाक्यात आहे, त्याच्याकडं येतो.

अंडी घालायची पद्धत बघा. हिरवीची मादी कोवळ्या पानांवर, शेंड्यावर, पात्यांवर म्हणजे फुलाच्या कळ्यांवर एकेक सुटं अंडं टाकत जाते, अशी शेकड्यांनी अंडी घालते, नीट बघितलं तर पांढुरकं गोल अंडं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अळी निघाली की आधी कोवळं पान, मग पाती, मग फूल, मग बोंड, असा प्रवास करत खाते, आणि बोंडाला लागली की डोकं आत आणि धड बाहेर, रांजणात तोंड घातलेल्या मांजरासारखी. भोक मोठं, गोल, बाहेर विष्ठा पडलेली. लांबून चालत जाणाऱ्या माणसालासुद्धा दिसतं की काहीतरी आलंय. रंगावर मात्र जाऊ नका, तीच अळी हिरवी असते, तपकिरी असते, पिवळट असते, अंगावरचे पट्टे तेवढे सुटत नाहीत. आणि महा भांडखोर, एका बोंडात दोन आल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते.

गुलाबीचं याच्या उलट. मादी बोंडाच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या आडोशाला चपटी अंडी घालते, अळी निघाली की तास-दोन तासात बोंडात शिरते, आणि ते शिरायचं भोक एवढं बारीक की बोंड वाढता वाढता बुजून जातं. मग ती आत. वरून बोंड हिरवंगार, टणक, फोटो काढण्यासारखं. फवारा कितीही भारी मारा, औषध बोंडाच्या सालीवर आणि अळी सरकीच्या आत, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. ती जेव्हा मोठी होऊन बाहेर पडायला छिद्र पाडते तेव्हा कुठं आपल्याला कळतं, पण तोवर ती आपलं काम करून चाललेली असते. बोंड नीट उमलत नाही, उमललं तर कापूस पिवळट, चिकटलेला, व्यापारी त्याला कवडी म्हणून बाजूला काढतो आणि भावात मारतो.

म्हणून सांगतो, गुलाबीला फोटोत पकडायचं असेल तर बोंड फोडावं लागतं. पंधरा-वीस दिवसांचं हिरवं बोंड घ्या, अंगठ्यानं दाबून फोडा आणि कप्प्यांमधला पांढरा पडदा बघा, त्याला बारीक गोल भोक दिसलं की समजा एका कप्प्यातून दुसऱ्यात गेली. सरकी कुरतडलेली असते, कापूस ओला, तपकिरी पडलेला. अळी लहान असेल तर पांढरी, डोकं तेवढं काळपट, गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो, त्यामुळे लहानपणी बघितलेली अळी लोक दुसरीच काहीतरी समजून सोडून देतात. कृषी विभागाचा हिशोब असा की एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं फोडायची, दोनात अळी सापडली तर दहा टक्के झाले, आता उपाय करा. कितीजण फोडतात? वीस बोंडं फोडायची म्हटलं की माणसाच्या जीवावर येतं, फुकट गेली म्हणतो, आणि मग पुढं अर्धा माल कवडीत जातो त्याचं काही वाटत नाही.

फुलांच्या टायमाला अजून सोपी खूण आहे, डोमकळी. फूल उमलायचं सोडून पाकळ्या एकमेकींना चिकटून गुंडाळल्यासारख्या राहतात, आतमध्ये अळीनं तोंडातल्या धाग्यानं शिवून टाकलेल्या असतात. आमच्याकडची म्हातारी माणसं गुलाबीला अजून शेंदरी अळी म्हणतात आणि डोमकळी दिसली की तोडून चिरडून टाकायची त्यांची जुनी रीत होती. मजूर मिळत नाही म्हणून ती बंद पडली, पण घरच्या पोरांनी सकाळी एक चक्कर मारली तरी सुरुवातीची पिढी बरीच कमी होते. हिरवीची डोमकळी नसते, ती फुलात उघड शिरते आणि पराग खाऊन निघून जाते.

आता उपायांचा घोळ. आपल्याच पेपरात मागं सल्ला आला होता की बोंडअळीसाठी वावरात पक्षीथांबे लावा. कुठल्या बोंडअळीसाठी ते लिहिलंच नव्हतं. टी आकाराच्या काठीवर कोतवाल, साळुंकी येऊन बसते आणि झाडावरची अळी उचलते, हिरवीसाठी एकदम बरोबर, हरभऱ्यावर तर त्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. पण बोंडाच्या आत बसलेली गुलाबी कोतवालाला दिसणार कशी? तसंच एचएनपीव्ही नावाचं विषाणूचं औषध मिळतं, ते हेलिकोव्हर्पाच्याच अळ्यांना मारतं, मेलेली अळी झाडाला उलटी लटकलेली दिसते, ते गुलाबीवर मारणं म्हणजे पाण्यात पैसे. मोठी झालेली हिरवी जमिनीत उतरून कोश करते म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरटीचा तिच्यावर चांगला उपयोग होतो. गुलाबीच्या बऱ्याच अळ्या हंगाम संपता संपता सरकीतच झोपतात, दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना चिकटवून त्याच्या पोकळीत महिनोन्‌महिने पडून राहतात, तिथं नांगर काय करणार, ती तर कापसाबरोबर आपल्या घरात आलेली असते.

कामगंध सापळ्यांचा किस्सा तर वेगळाच. शेजारच्या वावरात औंदा सापळे लागले, पिशव्या चांगल्या टांगल्या, रोज बघायचे आणि म्हणायचे गुलाबी नाही म्हणून. मी जाऊन पिशवी उघडली तर आत चार-पाच मोठी पाखरं, मातकट, धष्टपुष्ट, सगळी हिरवीची. दुकानदारानं हेलील्यूर (हिरवीच्या मादीच्या वासाचं आमिष) दिला होता, मागितला होता बोंडअळीचा ल्यूर आणि त्यानं त्याच्या हिशोबानं बोंडअळीचाच दिला, त्याचं तरी काय चुकलं. गुलाबीला गॉसिप्ल्यूर लागतो. प्रत्येक मादीचा वास वेगळा असतो आणि नर आपल्याच जातीच्या वासावर येतो, हेलील्यूरवर गुलाबीचा नर फिरकणार नाही आणि गॉसिप्ल्यूरवर हिरवीचा. लावायचे तर एकरी दोन सापळे नुसत्या अंदाजासाठी, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ गुलाबीचे नर पडले की धोक्याची पातळी आली म्हणायची. ल्यूर महिन्याच्या आत बदलावा लागतो, काहीजण दिवाळीला लावलेला होळीपर्यंत ठेवतात आणि सापळा बेकार आहे म्हणून मोकळे होतात.

आता त्या मूळ वाक्याकडं येतो. हिरवी काय काय खाते? कापूस, तूर, हरभरा, टमाटे, मका, ज्वारी, भेंडी, सूर्यफूल, झेंडू, खान्देशात जे पिकतं त्यातलं निम्मं. कपाशी संपली की हरभऱ्यावर, तिथून दुसरीकडं, आणि पाखरू वाऱ्यावर लांब लांब जातं, त्यामुळं तुमच्या वावरातलं पाखरू कुठल्या तालुक्यातून आलं ते सांगता येत नाही. गुलाबी मात्र कपाशीवर, फार तर भेंडी-अंबाडीसारख्या कपाशीच्याच कुळातल्या झाडांवर थोडीफार. म्हणजे आपल्याकडं तिचं पोट कापसावरच. आणि ही काही परदेशातून आलेली पाहुणी पण नाही, शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा तिचं वर्णन केलं ते १८४० च्या दशकात, भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. नंदुरबारहून भडोच किती लांब आहे सांगा.

आता हे बीटीला, म्हणजे अळीला मारणारा जिवाणूचा जीन घातलेल्या कपाशीला, जोडून बघा. ज्यांनी १९९० नंतरची वर्षं बघितली त्यांना आठवत असेल, हिरवीनं कपाशी कशी झाडून नेली होती, पायरेथ्रॉइडची औषधं मारून मारून ती पचवायला शिकली होती, फवाऱ्यावर फवारा, आणि शेवटी घरची सगळी माणसं बादलीत रॉकेलचं पाणी घेऊन अळ्या वेचायला. मग २००२ ला बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जीनवाली बीजी-टू आली, आणि हिरवी कपाशीवर जवळपास बंदच झाली, आज पण बीटीवर ती क्वचित दिसते. गुलाबीनं मात्र दोन्ही जीन पचवले, आधी गुजरातेत, तिथं एका जीनला दाद देत नसल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ ला महाराष्ट्रात गुलाबीनं कपाशी कशी बुडवली ते सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडंही पंचनामे झाले. त्याच वर्षी यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे पण विसरू नये.

एकच बियाणं, एकच विष, मग एकीनं पचवलं आणि दुसरीनं नाही असं का? मोठं कारण जेवणाचं. हिरवीची कितीतरी पाखरं तुरीवर, हरभऱ्यावर, मक्यावर वाढतात, तिथं बीटी नाही, त्यामुळं बीटीला बळी पडणारी साधी पाखरं कायम तयार होत राहतात आणि बीटी पचवणारं एखादं निघालं तरी त्याची गाठ बहुतेक साध्या पाखराशीच पडते, पिल्लं परत मरणारी निघतात. गुलाबीला ही सोयच नाही. सगळीकडं बीटी कपाशी आणि तिला दुसरं काही चालत नाही, म्हणजे जी वाचली ती सगळी पचवणारी आणि त्यांचीच एकमेकांशी लग्नं. म्हणून तर बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीची वेगळी पुडी द्यायचे, कडेनं लावा म्हणून, आणि ती पुडी आपण काय केली ते सांगायला नको, बांधावर फेकली, जागा वाया जाते म्हणून. त्यातही पुढं काही पाकिटांत कपाशीऐवजी तुरीची पुडी यायला लागली. तूर हिरवीला ठीक आहे, पण गुलाबी तूर खातच नाही तर तिला त्याचा उपयोग शून्य! हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनीसुद्धा दोन पतंगांना एकच समजून घेतला की काय असं मला कधी कधी वाटतं, असो.

पण ज्या खोडीमुळं गुलाबीनं बीटी पचवलं तीच खोड तिची दुखरी नस आहे. तिला कापूसच लागतो ना, मग काही महिने वावरात कापूस ठेवूच नका, ती उपाशी मरते. अमेरिकेनं हेच केलं, वर वांझ केलेली पाखरं विमानातून सोडली, बीटी लावलं, गंधाचे उपाय केले, आणि २०१८ ला त्यांच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी संपली म्हणून जाहीर केलं. हिरवीच्या बाबतीत असं कुणी स्वप्नात पण बोलणार नाही, तिला एक दार बंद केलं तर दहा उघडी.

आपल्याकडं हे का जमत नाही? कारण आपण तिला बाराही महिने जेवू घालतो. चोपडा, यावल, रावेरकडं विहिरीला पाणी आहे म्हणून मे महिन्यात ठिबकवर लागवड, म्हणजे पहिल्या पावसानं जी पाखरं निघतात त्यांना पात्या तयार मिळतात. जूनच्या पावसावर सगळ्यांनी लावली तर त्यातली बरीच पाखरं अंडी घालायला जागा नाही म्हणून तशीच मरतात. म्हणूनच मधली काही वर्षं १ जूनच्या आत बियाणं विकायला बंदी होती, तर आपले लोक मध्य प्रदेशातून, गुजरातमधून पाकिटं घेऊन आले, आणि बंदी का आहे हे त्यांना कुणी धड सांगितलं पण नाही, सांगितलं ते फक्त बंदी आहे एवढं. मग दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरात कपाशी उपटायची तर पाणी दिसतं, चार बोंडं दिसतात, एक पाणी दे अजून दोन क्विंटल निघेल, आणि मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. दोन क्विंटल निघतं पण बहुतेक कवडी, आणि त्याच्याबरोबर पुढच्या हंगामाची गुलाबी निघते. मी फरदडवाल्याला शिव्या देत नाही, भाव पडलेला असतो, लग्नकार्य असतं, हातात रोख लागते, हे मला पण माहीत आहे. पण एकट्यानं उपटून काही होत नाही हे खरं, शेजाऱ्याची उभी राहिली तर आपल्या उपटण्याला अर्थ नाही, हे गावानं मिळून ठरवायचं काम आहे, आणि त्यासाठी आधी गावाला कळलं पाहिजे की ही अळी हरभऱ्यावरच्या अळीसारखी नाही, हिच्यापुढं गाव जिंकू शकतं.

उपटलेल्या पऱ्हाट्यांचं पण तसंच. सरपणाला म्हणून बांधावर गंजी लावून ठेवतात, त्याला न उमललेली बोंडं तशीच लटकलेली, त्यात अळ्या झोपलेल्या. ढोरं-शेळ्या आधी वावरात सोडल्या तर ती बोंडं खाऊन टाकतात, आणि पऱ्हाटीचा भुगा करायचं मशिन आता भाड्यानं मिळतं.

तर साहेब माझी मागणी साधी आहे. बोंडअळीची बातमी आली की कुठली ते लिहा, अळीच्या फोटोशेजारी पाखराचा फोटो छापा, आणि फोडलेल्या बोंडाचा छापा, नुसतं "बोंडअळीचा प्रादुर्भाव, शेतकरी चिंतेत" असं नको. सल्ला छापताना नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा किंवा राहुरी विद्यापीठाचा घेतला तर तो कुठल्या अळीसाठी आहे ते शब्द कापू नका, जागा कमी पडली तर आमदार साहेबांच्या वाढदिवसाचा फोटो थोडा बारीक करा. आणि अजून एक, तुमच्या वार्ताहरांना जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या रात्री जळगाव, धरणगाव, बोदवडच्या जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आवारात पाठवा, सरकीच्या ढिगाजवळच्या दिव्याखाली काय उडतं ते बघायला सांगा, तिथं गॉसिप्ल्यूरचे सापळे लावायचे असा सल्ला कधीचाच आहे, किती जिनांनी लावलेत ते मोजून छापा, आणि ज्यांच्याकडं भाव नाही म्हणून घरात कापूस पडून आहे त्यांच्या घरातल्या बल्बखाली पण बघा, तिथं पण तेच बारकं करडं पाखरू सापडेल.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव